दुखऱ्या जागेवर सुई

त्वचेखाली औषध टोचण्याची जी पिचकारी आज आडगावच्या दवाखान्यातही हाताशी असते, तिचा उपयोग प्रथम कोणत्या व्याधीवर झाला याचा शोध घेऊ जाता पटकी, प्लेग, मधुमेह अशा भयंकर रोगांची नावे पुढे येत नाहीत. पुढे येते ती एका वृद्ध स्त्रीच्या माने-खांद्यात ठाण मांडून बसलेली वेदना. एडिंबरोचे वैद्य अलेक्झांडर वुड यांनी १८५३ साली या स्त्रीचा खांदा बोटाने चाचपून पाहिला, गळ्याजवळचे आडवे हाड आणि खांद्याचे टोक यांच्या बेचक्यात दाब पडताच ती सर्वांत अधिक कळवळते अशी खात्री करून घेतली, आणि लंडनच्या फर्ग्युसन नामक कारागिराने जन्मखुणांवरील उपचारासाठी घडवलेली एक नाजूक काचेची पिचकारी घेऊन नेमक्या त्याच जागी मॉर्फिनचे काही थेंब सोडले. थोड्याच वेळात बाईंना गुंगी आली, त्या झोपी गेल्या, आणि वेदना ओसरली.

वुड यांची कृती निराधार नव्हती. फ्रान्समधील व्हालेक्स यांनी १८४१ साली मज्जातंतूंच्या वेदनांवर ग्रंथ लिहून, अशा रोग्याच्या देहावर काही ठराविक ठिकाणे दाबली असता विशेष दुखतात, असे सविस्तर नमूद केले होते. आणि डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ साली पिचकारीवाचूनच, एका पोकळ नळीतून मॉर्फिन त्वचेखाली ओघळू देऊन, चेहऱ्याच्या असह्य वेदनेवर इलाज केला होता. वुड यांची दृढ समजूत अशी की, औषध जेथे सोडावे तेथेच ते आपला अंमल गाजवते, सबब दुखरी जागा बोटाने हुडकून काढणे हाच उपचाराचा गाभा. ही समजूत पाच वर्षेच टिकली. लंडनचे शल्यवैद्य चार्ल्स हंटर यांच्या एका रोग्याला टोचलेल्या जागी गळवे होऊ लागली, म्हणून त्यांनी नाइलाजाने दुसरीकडे, दुखऱ्या भागापासून दूर, मॉर्फिन टोचले. आणि आराम तितकाच पडला. मॉर्फिन रक्तात मिसळून सर्व देहावर परिणाम करते हे १८५८ च्या सुमारास त्यांनी असे सिद्ध केल्यावर दुखऱ्या जागेचे महत्त्व एकदम ओसरले, आणि पिचकारी आपल्या पहिल्या कामाला विसरून शेकडो अन्य कामांकरिता जगभर फिरू लागली.

मॉर्फिनच्या बाबतीत हंटर यांचाच निवाडा बरोबर होता, याविषयी शंका नाही. परंतु त्या निवाड्याखाली एक निराळा प्रश्न गाडला गेला, आणि त्याची उकल व्हायला पुढे सव्वाशे वर्षे लागली, हे मला या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण वाटते. गुण कोणाचा, औषधाचा, सुईचा, की जागा अचूक शोधणाऱ्या बोटाचा? मॉर्फिन गेले, कोकेन आले. कोकेन गेले, प्रोकेन आले. पिचकारीतला द्रव पिढीगणिक बदलत राहिला, आणि प्रत्येक पिढीने यशाचे श्रेय त्या द्रवाच्या खात्यावर जमा केले.

दुखणाऱ्या स्नायूत काहीतरी घट्ट, गाठीसारखे हाताला लागते, हे निरीक्षण मात्र पिचकारीहून जुने आहे. एडिंबरोच्याच विल्यम बाल्फोर यांनी १८१६ साली अशा गाठींचे वर्णन करून त्या दाबून व चोळून बऱ्या करण्याची पद्धत सांगितली होती. जर्मनीत रॉबर्ट फ्रोरीप यांनी १८४३ साली स्नायूंतील दुखऱ्या कठीण पट्ट्यांची दखल घेतली. आपल्याकडे पाठीत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल घरोघर होती. तिच्यातील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी, पाठीच्या एका विवक्षित ठिकाणी वेदनेचे मूळ आहे आणि तेथे बाहेरून काही केले असता ती निघून जाऊ शकते, एवढी जाण त्या चालीतही दिसते. सुश्रुताची १०७ मर्मे मात्र या प्रकरणात ओढून आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मर्म हे शस्त्र चुकवून नेण्याचे स्थान आहे आणि आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती सुई मुद्दाम रोवण्याची जागा आहे.

१९०४ साली लंडनचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर दिलेल्या व्याख्यानात अशा दुखण्याला फायब्रोसायटिस हे नाव रूढ केले आणि तिच्यावर कोकेनच्या इंजेक्शनांची शिफारस केली. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी आपल्याला या गाठींमध्ये तंतुमय ऊतींचा दाह आढळला असे प्रसिद्ध केले. पुढील संशोधकांना तो दाह पुन्हा काही सापडला नाही. नाव मात्र निम्मे शतक टिकून राहिले. म्यूनिकच्या मॅक्स लांगे यांनी १९३१ साली या कठीण गाठींवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला.

यांच्याहून वेगळ्या वाटेने गेलेले गृहस्थ म्हणजे विल्यम ऑस्लर. १८९२ साली प्रकाशित झालेल्या आणि इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी प्रमाण मानलेल्या आपल्या वैद्यकग्रंथात त्यांनी तीव्र कंबरदुखीवर सर्वांत गुणकारी उपाय म्हणून तीन-चार इंच लांबीच्या सुया दुखऱ्या जागी कंबरेच्या स्नायूंत खुपसून पाच-दहा मिनिटांनी काढून घ्याव्यात असे सांगितले, आणि त्यासाठी बायकांच्या टोपीला लावायच्या साध्या सुया निर्जंतुक करून वापरल्या तरी चालतील, अशीही पुस्ती जोडली. माँट्रिअल येथे साखरेच्या धंद्यात गब्बर झालेले पीटर रेडपाथ यांच्यावर त्यांनी हा प्रयोग केला तेव्हा प्रत्येक सुईसरशी त्या वृद्ध गृहस्थांनी शिव्यांची लाखोली वाहिली आणि अखेरीस ते पूर्वीसारखेच लंगडत घरी परतले, अशी कथा ऑस्लर यांच्या चरित्रात आहे. त्या सुयांत औषधाचा एक थेंबही नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या सगळ्या प्रयत्नांत एक मोठी उणीव होती. रोगी जेथे हात ठेवून दुखते म्हणतो तेथेच दुखण्याचे मूळ असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. हे गृहीतक ज्या संशोधनाने उलथले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात सर थॉमस लुईस यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जोनास केल्ग्रेन या तरुण डॉक्टरांचे. १९३८ साली त्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या, आणि स्वतःच्याही, निरनिराळ्या स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण अत्यल्प प्रमाणात टोचून, वेदना कोठे जाणवते याची बारकाईने नोंद केली. टोचावे एका ठिकाणी आणि दुखावे भलत्याच ठिकाणी, असा प्रकार वारंवार घडला, आणि तो अव्यवस्थित नव्हता. प्रत्येक स्नायूच्या वेदनेच्या प्रवासाला ठरलेली वाट होती. पुढच्या वर्षी लुईस व केल्ग्रेन यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधील बंधात असेच द्रावण सोडले तेव्हा त्या माणसाला हुबेहूब मूतखड्याची कळ आली. माझ्या मते एखाद्या रोग्याच्या तक्रारीला न्याय मिळण्याचा हा खरा आरंभ होता, कारण ज्याच्या पायाच्या पोटरीत कळ येते आणि जिथे पाहावे तिथे पाय धडधाकट दिसतो, अशा माणसाची जबानी तोपर्यंत खोटी किंवा मनाची ठरत असे. केल्ग्रेन यांनी रोग्यांच्या वेदनेच्या मूळ स्थानी नोव्होकेन (म्हणजेच प्रोकेन) टोचून दूरची वेदनाही थांबवून दाखवली.

आता ज्या बाईंच्या नावाशी ट्रिगर पॉइंटचे, म्हणजे दूरवर वेदना धाडणाऱ्या स्नायूतील दुखऱ्या बिंदूचे, इंजेक्शन कायमचे जोडले गेले त्यांच्याकडे वळतो. जेनेट ट्रॅव्हेल यांचा जन्म १९०१ सालचा, न्यूयॉर्कचा; वडील डॉक्टर, आणि स्वतः त्यांनी १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. हृदयविकारावरील औषधांचा अभ्यास हे त्यांचे मूळ क्षेत्र. परंतु स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या आणि हृदयाच्या रोग्यांना तपासताना त्यांच्या असे लक्षात येऊ लागले की, पुष्कळांना मूळ रोगापेक्षा खांद्याचीच वेदना अधिक छळते. आणि त्यांचा स्वतःचा खांदा दुखू लागला तेव्हा पाठीच्या फऱ्याजवळील स्नायू दाबताच वेदना हातातून खाली धावते हा अनुभव त्यांनी घेतला. १९४२ साली सेमोर रिन्झलर व मायरन हर्मन यांच्यासह त्यांनी खांदा व बाहू यांच्या दुखण्यावर प्रोकेन टोचण्याच्या उपचाराचा वृत्तान्त अमेरिकन डॉक्टरांच्या प्रमुख नियतकालिकात छापला, आणि १९५२ साली रिन्झलर यांच्याबरोबर अनेक स्नायूंच्या वेदना कोणत्या वाटेने कोठवर जातात याचे नकाशेच प्रसिद्ध केले.

त्यांच्या पद्धतीतील खरे कसब पिचकारी उचलण्याच्या आधी संपत आलेले असे. स्नायू सैल पडेल अशा रीतीने रोग्याला झोपवावे, बोटांनी स्नायूच्या तंतूंना आडवे चाचपत जावे, ताठ दोरीसारखी पट्टी लागली म्हणजे तिच्या लांबीवर सरकत सर्वांत दुखरा बिंदू गाठावा. तेथे दाबताच रोगी दचकतो आणि आपल्या नेहमीच्या दुखण्याची ओळख पटल्याचे सांगतो. मग ती पट्टी दोन बोटांत पक्की धरून सुई आत न्यावी. बिंदूला सुई लागली की स्नायू क्षणभर आपोआप आचका देतो, आणि हा आचका हाताला जाणवला तरच नेम लागला असे समजावे. प्रोकेन सौम्य, बहुधा अर्धा टक्का, आणि सुई काढल्यावर स्नायू पूर्ण लांबीपर्यंत ताणायचा; हे ताणणे गाळले तर उपचार अर्धवट राहतो, असा त्यांचा कटाक्ष होता. छातीच्या भिंतीवर टोचताना फुफ्फुसाला भोक पडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम अर्धवट शिकलेल्या हाताचे नव्हे.

१९५५ च्या मे महिन्यात त्यांच्या न्यूयॉर्कमधील दवाखान्यात कुबड्यांवर तोल सावरीत एक तरुण सिनेटर आले. जॉन केनेडी यांच्या पाठीवर १९५४ च्या ऑक्टोबरात मोठी शस्त्रक्रिया झाली होती, तिच्यानंतर जंतुसंसर्गाने ते मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आले होते, आणि फेब्रुवारीत पुन्हा शस्त्र चालवावे लागले होते. ट्रॅव्हेलबाईंनी त्यांच्या स्नायूंतील बिंदूंत प्रोकेन टोचले, एवढेच नव्हे, तर त्यांचा डावा पाय किंचित आखूड असल्याचे हुडकून बुटाला उंच टाच लावून दिली, आणि झुलत्या खुर्चीत बसण्याचा सल्ला दिला. १९६१ साली केनेडी अध्यक्षपदी आरूढ झाल्यावर बाईंना व्हाइट हाउसच्या वैद्यपदी नेमण्यात आले. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

याच वर्षाच्या उत्तरार्धात तेथील डॉक्टरांमध्ये मोठा मतभेद माजला. अध्यक्षांना पुनःपुन्हा टोचण्यापेक्षा पाठ व पोट यांचे स्नायू व्यायामाने बळकट करावेत असे नौदलाचे डॉक्टर बर्कली यांनी मांडले, आणि त्यासाठी हान्स क्राउस यांना पाचारण करण्यात आले. हे क्राउस व्हिएन्नाहून आलेले, नामांकित गिर्यारोहक, आणि स्नायूंच्या शास्त्रातील अधिकारी. ट्रिगर पॉइंटला सुई लावण्यास त्यांचाही विरोध नव्हता, विरोध होता तो केवळ सुईवर विसंबण्याला. अध्यक्षांची पाठ व्यायामाने सुधारली हे कबूल केले पाहिजे. इंजेक्शनाने स्नायू मोकळा होतो ती मुदत थोडीच असते, आणि त्या मुदतीत स्नायूला पुन्हा कामाला लावले नाही तर दुखणे परत येते. तेव्हा क्राउस यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते. परंतु कुबड्यांवरच्या माणसाला व्यायाम करण्याइतपत उभे केले ते कोणी, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बाई १९६५ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

पुढील काळात त्यांना डेव्हिड सायमन्स यांच्यासारखा सहकारी लाभला. हे हवाई दलाचे डॉक्टर १९५७ साली बलूनमधून एक लाख फुटांहून अधिक उंच जाऊन आलेले. या दोघांनी मिळून ट्रिगर पॉइंटांवरील जो महाग्रंथ सिद्ध केला त्याचा पहिला खंड १९८३ मध्ये आणि दुसरा १९९२ मध्ये, बाईंनी नव्वदी गाठल्यावर, बाहेर पडला. १९९७ साली बाईंचे निधन झाले.

दरम्यान औषधाच्या श्रेयाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. प्रागचे कारेल लेविट यांनी १९७९ साली २४१ रोग्यांवरील आपला अनुभव मांडला, त्यात औषधाशिवाय केवळ सुई टोचल्याने ८६.८ टक्के प्रसंगी तत्काळ वेदना थांबली होती. टोपीच्या सुया वापरा म्हणणाऱ्या ऑस्लर यांचे म्हणणे अशा रीतीने निराळ्या दिशेने खरे ठरू लागले. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील डॉक्टरांनी, कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही कळू न देता, काही रोग्यांना बधिर करणारे औषध आणि काहींना निव्वळ मिठाचे पाणी टोचले, आणि मिठाच्या पाण्याने अधिक गुण आला. १९९४ मध्ये चांग-झर्न हाँग यांनी दाखवले की औषध असो वा कोरडी सुई, स्नायूचा तो आचका मिळाला तरच आराम पडतो. औषधाने फरक एवढाच की टोचल्यानंतरचा ठणका कमी राहतो. म्हणजे सव्वाशे वर्षांत बदललेल्या द्रवांनी वेदना सुसह्य केली असेल, पण काम सुईचे होते, आणि सुईला वाट दाखवणाऱ्या बोटाचे.

या बिंदूत प्रत्यक्ष काय असते, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. अमेरिकेत जय शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली केसाएवढ्या नलिकेने अशा बिंदूंमधील द्रव काढून तपासला असता त्यात वेदना आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये अधिक व आम्लता वाढलेली आढळली. उलट ऑस्ट्रेलियातील क्विंटनर आणि कोहेन यांनी ट्रिगर पॉइंटची सारी उपपत्तीच अमान्य केली आहे. त्यांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो: ज्या बिंदूवर हे शास्त्र उभे, तो दोन डॉक्टरांच्या बोटांना एकाच ठिकाणी लागतो का? १९९२ साली नामवंत तज्ज्ञांना रोग्यांची माहिती न देता ते तपासायला दिले तेव्हा त्यांच्यात एकवाक्यता झाली नाही. १९९७ साली रॉबर्ट गर्विन व त्यांचे सहकारी यांनी तोच प्रयत्न केला आणि पहिल्या खेपेस तेही अपयशी ठरले. मग त्यांनी काही तास एकत्र बसून, एकमेकांच्या बोटांखालची पट्टी एकमेकांना दाखवीत, काय चाचपायचे आणि किती दाबायचे हे आपसात ठरवून घेतले, आणि दुसऱ्या खेपेस त्यांचे बिंदू जुळले.