पेटीमागे चारशे रुपये

साल १८५७, फाल्गुनातली दुपार. तुम्ही माळव्यातल्या धार शहराबाहेर काळ्या जमिनीत उभे आहात. पुढ्यात खसखशीचं शेत आहे. पांढरी फुलं गळून गेली आहेत आणि देठांवर हिरवी, टणक बोंडं उरली आहेत. उन्हं कलल्यावर एक बाई ओळीत शिरते. तिच्या हातात तीन-चार टोकांचं छोटं पातं आहे. एका हाताने बोंड धरून ती त्यावर उभ्या चिरा देते आणि पुढच्या बोंडाकडे वळते. चीर जास्त खोल गेली तर चीक आत मुरतो, उथळ राहिली तर बाहेर येत नाही. रात्रभर दूध पाझरतं, तांबूस होतं, घट्ट होतं. सकाळी ऊन चढण्याआधी ती ते खरवडून भांड्यात जमा करील.

तिच्या मागोमाग सावकाराच्या अंधाऱ्या कोठीपर्यंत जा. आत जवसाच्या तेलाचा उग्र वास आहे. चीक तेलात कालवलेला आहे. काही आठवड्यांनी जास्तीचं तेल निथळलं की तो मळून त्याचे गोळे होतील, वाळलेल्या पाल्यात घोळवले जातील आणि पेटीत भरले जातील. एका पेटीत साधारण १४० पौंड अफू. ही पेटी आधी इंदूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून चीनला जाणार आहे.

या मुलखावर राज्य धारच्या पवारांचं आहे. इथे कंपनी सरकार शेत कसत नाही, चीकही विकत घेत नाही. ते फक्त वाटेवर बसलेलं आहे. मुंबईला माल न्यायचा तर कंपनीचा परवाना लागतो आणि त्याची फी पेटीमागे ४०० रुपये आहे. ती इतकी कशी झाली? पूर्वी फी वाढली की व्यापारी कंपनीचा मुलूख टाळून कराची आणि दमणच्या वाटेने माल बाहेर काढत. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली आणि काही वर्षांतच फी दुप्पट झाली. सिंधमधल्या लढाईचा हिशेब माळव्याच्या बांधावर असा चुकता होतो.

आता काही महिने पुढे या. मे महिन्यात राजे यशवंतराव वारले आहेत आणि गादीवर तेरा वर्षांचे आनंदराव आहेत. उत्तरेत बंड पेटलं आहे. ऑक्टोबरअखेर तुम्ही धारच्या तांबड्या दगडी किल्ल्यासमोर आहात, ज्या किल्ल्यात दुसरे बाजीराव जन्मले तोच हा. आत दरबाराच्या पदरचे, बंडात उतरलेले अरब आणि मकराणी शिपाई, बाहेर इंग्रज ब्रिगेडियर स्टुअर्टच्या तोफा. तटाला खिंडार पडतं. ३१ ऑक्टोबरच्या रात्री शिबंदी अंधारातून निसटते. त्यानंतर मध्य हिंदुस्थानातला इंग्रज प्रतिनिधी कर्नल ड्युरँड संस्थान जप्त करतो. १८६० मध्ये ते परत मिळतं, पण बैरसिया परगणा कायमचा जातो आणि तो भोपाळला दिला जातो. जप्ती चूक की बरोबर, हे लंडनमध्ये ठरतं. धारच्या रयतेला कोणी विचारत नाही.

म्हणून लंडनला चला. सप्टेंबर १८५८. ९ ग्राफ्टन टेरेस या घरात चाळिशीचा एक जर्मन निर्वासित राहतो, कार्ल मार्क्स. 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या अमेरिकन वर्तमानपत्रात लेख लिहून तो कसंबसं घर चालवतो. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्याच्या शेजारी बसा. वर नुकताच बांधलेला घुमट, खाली पार्लमेंटचे अहवाल आणि हिशेबांचे तक्ते. चीनशी तिएनत्सिनचा तह झाला आहे आणि तो अफूच्या व्यापाराचा इतिहास लिहितो आहे. त्याने एक आकडा पकडला आहे: बंगालमध्ये एका पेटीवर सरकारचा खर्च सुमारे २५० रुपये आणि कलकत्त्याच्या लिलावात तीच पेटी १,२१० ते १,६०० रुपयांना. मग तो सरकारला सरळ प्रश्न करतो. चीनच्या बादशहाने हे विष नको म्हटलं, धर्म आणि सुधारणेच्या गोष्टी तुम्ही सांगता, मग रयतेकडून अफू पिकवून घेणारे, तिची मक्तेदारी चालवणारे आणि तिच्या चोरट्या व्यापारावर पोसलेले तुम्हीच कसे?

वाचताना अंगावर काटा येतो. सरकारनेच छापलेला आकडा सरकारच्याच तोंडासमोर धरायचा, ही त्याची पद्धत. सात समुद्रांपलीकडच्या लूटमारीला ती नेमकी लागू पडते.

आता लेडनहॉल स्ट्रीटवर या. ऑगस्टमध्ये पार्लमेंटने कायदा करून कंपनीचा कारभार संपवला आहे. कंपनीच्या मुख्य कचेरीतून, इंडिया हाउसमधून, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल निवृत्त होतो आहे. सतराव्या वर्षी तो इथे चिकटला, पस्तीस वर्षं काम केलं आणि आता त्याला वर्षाला १,५०० पौंड निवृत्तिवेतन मिळेल. १८३६ पासून संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे त्याच्याकडे होते. आयुष्यभरात त्याने असे सुमारे १,७०० खलिते रचले, पण हिंदुस्थान कधी पाहिला नाही. पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, त्याचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ येईल. त्यात तो म्हणेल की चीनमध्ये अफूच्या आयातीवर बंदी घालणं हा विकत घेणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. आणि त्याच ग्रंथात हेही म्हणेल की मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही.

हे सगळं ऐकून तुम्ही मनाने पुन्हा त्या खसखशीच्या ओळीत जाता. मिलच्या ग्रंथात चिनी गिऱ्हाइकाला हक्क आहे, पण चीर देणाऱ्या बाईचा विचारच नाही. मार्क्स रयतेची बाजू घेतो, पण त्याचा सगळा भर बंगालच्या मक्तेदारीवर आहे. माळव्याचा शेतकरी, सावकाराची उचल आणि इंदूरचा परवाना यांचं चित्र त्यात उभं राहत नाही. शिवाय पाच वर्षांपूर्वी त्यानेच हिंदुस्थानातलं खेडं स्वयंपूर्ण, आपल्यातच मिटलेलं आणि शतकानुशतकं न हललेलं आहे, असं लिहिलं होतं. धारच्या बाहेरचं हे एक शेत ते विधान खोडून काढायला पुरेसं आहे. त्या शेताचा भाव चीनच्या बाजारात ठरत होता.

इथल्या माणसाने हे लिहिलंच नव्हतं, असंही नाही. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या नावाने आठ पत्रं लिहून देशातली संपत्ती बाहेर कशी वाहते आहे ते मांडलं होतं. तेव्हा मार्क्सने हिंदुस्थानावर एक ओळही लिहिली नव्हती. तर्खडकर १८४७ मध्ये ऐन तारुण्यात वारले. मार्क्सचं नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, तर्खडकरांचं मात्र मराठी वाचकांनाही सांगावं लागतं. ही आपली हलगर्जी आहे.

अखेरचा मुक्काम जवळचा आहे. धारहून विंध्याचा घाट उतरून निमाडात या, कुक्षी ओलांडून निसरपूरला. तारीख १७ सप्टेंबर २०१९. सरदार सरोवर पहिल्यांदाच १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ, भरलं आहे. हा आकडा १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यातला, ४५५ फुटांचा. निसरपूरच्या बाजारपेठेत, घरांत, देवळांत नर्मदेचं पाणी शिरलं आहे. आता इंग्रज नाहीत. पण आकडा दूर कुठेतरी ठरतो आणि त्याची किंमत गाव मोजतं, हा व्यवहार चालूच आहे.

म्हणून मार्क्स वाचा आणि मिलही वाचा. दोघांनाही देव्हाऱ्यात बसवू नका आणि अडगळीतही टाकू नका. मार्क्सकडून सरकारी आकडा उलटून पाहायला शिका, तर्खडकरांकडून आपल्या उंबऱ्यावरून बोलायला शिका. पुढच्या वेळी धरणाची उंची, रस्त्याची रुंदी किंवा पिकाची लेवी जाहीर झाली की एकच गोष्ट करा: तो आकडा घेऊन ज्याच्या जमिनीतून तो जातो त्याच्याकडे जा, त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि त्याच्या नावानिशी छापा.