फाल्क्स : रोमन मळ्यातला विळा-कोयता

आज थोडा अवजारांचा इतिहास.

आपल्याकडं विळा वेगळा, कोयता वेगळा. जुन्या रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये मात्र वाकड्या पात्याच्या या सगळ्यांना एकच शब्द, फाल्क्स. त्याला कामाचं नाव जोडलं की कुठला ते कळायचं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटोनं मळ्याच्या अवजारांची यादी दिली, त्यात गवताचा, काडाचा आणि झाडं छाटायचा फाल्क्स वेगवेगळा मोजलाय. पुढच्या शतकात वारो 'फाल्क्स लुमारिया' सांगतो. रानात पसरलेली काटेरी झुडपं तोडायचा, म्हणजे रान साफ करायचा कोयताच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो द्राक्षछाटणीचा, 'फाल्क्स विनिटोरिया'. इ.स. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या माणसानं शेतीवर 12 खंड लिहिले. गाव स्पेनमधलं काडिज, शेती इटलीत. चौथ्या खंडात त्यानं या एका पात्याचे सहा भाग सांगितलेत. मुठीजवळ सरळ धारेची सुरी, पुढं आतला बाक, मग पटाशी, मग वाकडी चोच, पाठीवर अर्धचंद्रासारखी कुऱ्हाड आणि तिचं टोक. सुरीनं पुढं दाबून कापायचं, बाकानं ओढून, पटाशीनं तासायचं, चोचीनं कोरायचं, कुऱ्हाडीनं तोडायचं, टोकानं अडचणीतलं साफ करायचं.

त्याचा खरा सल्ला पुढं आहे. वेलीवर घाव घालू नका, जमेल तिथं ओढून कापा. घाव चुकला तर वेल पुन्हा पुन्हा जखमी होते, ओढून कापलं तर काप गुळगुळीत येतो. बोथट पात्यानं काम कमी होतं, छाटणाऱ्याला कष्ट जास्त पडतात आणि वेल फाटते. आज आपण कात्रीनं छाटतो, तरी धारेबद्दलचा सल्ला तसाच लागू आहे.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. हाच कोलुमेला लिहितो की द्राक्षमळ्यातलं काम बहुतेक करून बेड्या घातलेल्या गुलामांकडून करून घेतात. लिहिणारा मालक होता, धार धरणारा हात दुसऱ्याचा होता.

कोलुमेलानं लिहून ठेवलं म्हणून त्या पात्याचे सहा भाग आज आपल्याला माहीत आहेत. आपल्या लोहारदादांकडं कोयत्याच्या भागांची कोणती नावं आहेत? त्यांच्याजवळ बसून विचारा आणि वहीत उतरवून ठेवा.