बंदुकीची निगा आणि खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रांची पूजा करण्याची आपली रीत जुनी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्या दिवशीं नंदुरबारांतील एका जुन्या घराण्याच्या वाड्यांत आम्हांस बोलावणें होतें. देवघरापुढें लाल वस्त्र अंथरून त्यावर दोन तरवारी, एक कट्यार व एक लांब नळीची तोड्याची बंदूक मांडली होती. यजमानांनीं पळीनें पाणी शिंपडलें, ओल्या हळदकुंकवाचीं बोटें नळीवर ओढलीं, झेंडूचीं फुलें वाहिलीं, आणि आरती झाल्यावर बंदूक पुनः खुंटीवर गेली. यजमानांचा नातू महाविद्यालयांत विज्ञान शिकत होता. त्यानें आम्हांस विचारलें, "सर, अशी बंदूक किती दिवसांनीं साफ करायला हवी?" आम्ही इतिहासाचे अध्यापक, "वर्षांतून एकदां, खंडेनवमीला" असें हंसत सांगून मोकळे झालों.

घरीं परततांना मात्र आमचें उत्तर आम्हांसच खुपूं लागलें. जी क्रिया आम्ही नुकतीच पाहिली, ती सफाई नव्हतीच. लोखंडाच्या दृष्टीनें पाहिलें तर तो वर्षांतून एकदां विधिपूर्वक दिलेला गंज होता. शिवाय या प्रश्नाचें खरें उत्तर आपल्याच एका ग्रंथांत दिलेलें आहे, आणि तो ग्रंथ आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहों.

तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तें लिहिलें गेलें. त्यांतील दुर्गप्रकरण वाचतांना गडाची जागा, तट, पाणी, आंबेफणसाचीं झाडें यांवर आपण सारे थांबतों, आणि दारूगोळ्याच्या ओळी घाईनें ओलांडतों. वस्तुतः अमात्यांची व्यवहारदृष्टि तेथेंच अधिक उघड होते. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, त्यास ओल लागूं देऊं नये, आणि दर आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें जातीनें येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावें व पुनः मोहर करून ठेवावें, असें ते सांगतात. पावसाळ्यासाठीं तोफांचा नियम निराळा. त्यांस तेलमेण द्यावें, त्यांचा काना मेणानें बुजवावा, वर आडोसा करावा. दारूची पाळी पंधरवड्याची, लोखंडाची पाळी ऋतूची. यांत आणखी एक बारकावा आहे. मोहर मोडून पुनः करावयाची, म्हणजे निगा कोणी केली व कधीं केली हें लपून राहत नाहीं. ज्याच्या हातीं शस्त्र त्याच्या अंगावर जबाबदारी, हा त्यांतला अर्थ.

हे नियम गडाचे. परंतु एकट्या शिपायाच्या बंदुकीलाहि तीच दारू आणि तीच हवा. जुनी काळी दारू म्हणजे शंभर भागांत सुमारें पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक. ती पेटली म्हणजे सारी धूर होऊन जाते असा सामान्य समज आहे, पण तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग क्षारांच्या रूपानें घन राहतो, आणि त्यांतला बराचसा नळीला आंतून चिकटतो. हे क्षार हवेंतील पाणी ओढून घेतात. पावसाळ्यांत सायंकाळीं बार काढलेली बंदूक तशीच ठेवली, तर सकाळीं नळींत तांबूस चिखल सांपडावयाचा. तेल चोळून हा मळ जात नाहीं. त्यास कढत पाणी लागतें. मग नळी कोरडी करावी आणि त्यानंतर तेलाचें पातळ बोट. बार काढला त्याच दिवशीं ही सफाई व्हावी, हा काळ्या दारूच्या बंदुकीचा नियम. पंचांगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

मराठ्यांच्या फौजेंत बारगिरास घोडा व हत्यार सरकारांतून मिळे. शिलेदाराचें मात्र सारें स्वतःचें असे. आज ज्यास आपण खाजगी शस्त्र म्हणतों, तें शिलेदाराच्या घरांत भाकरीच्या तव्याइतकें नित्याचें होतें, आणि त्याच्या निगेची विद्याहि घरांतच होती. घरांत जें जमत नसे त्यासाठीं गांवोगांव शिकलगार असत. पातें उजळणें, गंज काढणें, मुठी बसविणें हा त्यांचा पिढीजाद धंदा. शिकलगार हा शब्द आज आपल्याकडे आडनांव म्हणूनच अधिक ऐकूं येतो.

निगा चुकली म्हणजे काय होतें, याचा एक मोठा दाखला खानदेशच्याच इतिहासांत आहे. इ. स. १८१८ त पेशवाई गेल्यावर मालेगांवच्या किल्ल्यांतील अरब शिबंदीनें इंग्रजी फौजेस महिनाभर झुंजविलें. जूनमध्यें इंग्रजांच्या गोळ्यांनीं किल्ल्यांतील दारूखाना पेटला आणि त्या स्फोटानें तटाचा भाग ढांसळला. दारू कोठें ठेवावी, हें लिहून ठेवण्याची अमात्यांस कां निकड वाटली, तें अशा वेळीं समजतें.

त्याच खानदेशांत सातपुड्याच्या रांगांत भिल्लाचें मुख्य शस्त्र मात्र बांबूचें धनुष्य. कामठीहि बांबूची आणि पुष्कळदां दोरीहि बांबूच्याच सालीची. तिला सोरा नको, गंधक नको, शिकलगारहि नको. मोडली तर रानांत जाऊन दुसरी करावी. पुढें जेम्स ऑट्रम यानें १८२५ त खानदेशांत भिल्लांची पलटण उभी केली, तेव्हां पहाडांतील तरुण सरकारी शिस्तींत आले. पलटण म्हटली कीं हत्यारांची पाहणी आली, आणि पाहणी आली कीं सफाई शिपायाच्या मर्जीवर राहत नाहीं. अमात्यांची मोहर आणि पलटणीची पाहणी या दोन्हींचें काम एकच.

बंदुकींतील मळानें हिंदुस्थानच्या इतिहासाला केवढें वळण दिलें, हें तर शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. फक्त आपण त्याकडे त्या बाजूनें पाहत नाहीं. जुन्या ब्राउन बेस बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत, गोळी तिच्याहून बरीच लहान. चार बार काढून मळ सांचला तरी गोळी ठासतां येई. एन्फील्ड बंदुकीच्या नळीस आंतून पेंचदार खांचा होत्या व गोळी जवळजवळ नेमक्या मापाची. तिच्यांत मळ सांचला कीं गोळी अडे. म्हणून काडतुसाच्या गोळीकडील कागदास चरबी लावली, कीं ठासतांना गोळी सरकावी आणि मळ मऊ राहावा. जानेवारी १८५७ त डमडम येथें त्या चरबीची वार्ता फुटली. पुढें शिपायांनीं बाजारांतून पदार्थ आणून वंगण आपलें आपण करावें अशी मुभा दिली गेली, पण वेळ निघून गेली होती. बंडाचीं कारणें अनेक व खोल होतीं, हें आम्ही जाणतों. तथापि ठिणगी पडली ती बंदुकीच्या निगेच्या एका बाबीवर, हें विसरूं नये.

त्या वणव्याची झळ सातपुड्यासहि लागली. खाज्या नाईकाच्या भिल्लांची आणि इंग्रज फौजेची अंबापाणी येथें ११ एप्रिल १८५८ रोजीं लढाई झाली. मग शस्त्रांचे कायदे आले. १८६० चा एकतिसावा आणि त्याहून प्रसिद्ध असा १८७८ चा अकरावा. परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरला, आणि १८७८ च्या कायद्यांतून युरोपीयांस सूट मिळाली, ही गोष्ट पुढारी लोकांस फार झोंबली. परंतु सभांतील ठरावांत जें आलें नाहीं, तें आम्हांस येथें सांगावयाचें आहे. जी बंदूक सरकारजमा झाली ती गेलीच. पण जी लपविली गेली तिचीहि निगा संपली. माळ्यावर, गवताच्या गंजींत, भिंतीच्या कोनाड्यांत लपविलेल्या हत्यारास ऊन कोण देणार? तें शिकलगाराकडे कोण नेणार? आणि जी परवान्यानें किंवा दुर्लक्षानें घरांत राहिली, ती हळूहळू देवघरांत गेली. निगेचा पंधरवडा बुडाला, पूजेची नवमी तेवढी उरली. आपल्या समाजाचा शस्त्राशीं असलेला संबंध या एका बदलांत जितका स्पष्ट दिसतो, तितका लढायांच्या वर्णनांत दिसत नाहीं, असें आमचें मत आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. त्या मुलांच्या हातीं तिरंगा होता. सज्ज बंदुका एकाच बाजूला होत्या.

यानंतर दारू बदलली, तशी सफाईची रीतहि बदलली. १८८४ त फ्रान्समध्यें पॉल व्हिएल यानें बिनधुराची दारू सिद्ध केली. नळींत मळ कमी राहूं लागला, पण एक चमत्कारिक अनुभव येऊं लागला. बंदूक पुसून तेल देऊन ठेवावी, आणि दोनतीन दिवसांनीं पाहावें तों आंत गंज. पोलादाच्या रंध्रांत वायु शिरतात व मागाहून पाझरतात, अशी समजूत रूढ झाली. म्हणून ओळीनें तीन दिवस नळी पुसण्याची चाल पडली. अमेरिकेंतील खाण खात्याच्या विल्बर्ट हफ यानें १९२२ त खरें कारण दाखविलें. काडतुसाच्या बुडाशीं जी स्फोटक टोपी असते, तिच्यांतील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराईड उरतो. तो स्वयंपाकाच्या मिठाचा सख्खा भाऊ. तेलाच्या थराखालीं बसूनहि तो हवेंतील ओल ओढतो आणि लोखंड खातो. मीठ तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतें. जुन्या फौजी शिपायांची नळींत कढत पाणी ओतण्याची रीत, जी पुष्कळांस अडाणीपणाची वाटे, तीच शास्त्रास धरून निघाली. पुढें न गंजविणाऱ्या टोप्या आल्या आणि ही कटकट बहुतांशीं मिटली.

आज ज्यांच्याजवळ परवान्याची बंदूक आहे, त्यांनीं काय करावें? स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुकरांनीं पीक उधळलेला शेतकरी तीच मागतो. अशी बंदूक बार काढल्या दिवशीं पाण्यानें धुवावी, कोरडी करावी, तेल द्यावें. आधुनिक बंदूकहि वापरल्या दिवशींच पुसावी. वापर नसला तरी जून ते सप्टेंबर या काळांत पंधरवड्यास एकदां पाहावी, एरवीं दोनतीन महिन्यांस. चामड्याच्या म्यानांत घालून ठेवूं नये, तें ओल धरतें. तेलहि बेतानें, बार काढण्यापूर्वीं नळींतील तेल पुसून टाकावें. आणि या सर्वांच्या आधीं बंदूक रिकामी आहे कीं नाहीं तें स्वतः पाहावें, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबूं नये.

त्याच १९५९ च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमांत एक मौज आहे. जें शस्त्र जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें अथवा नादुरुस्त असून, दुरुस्त करून किंवा न करतां, कसेंहि बंदूक म्हणून वापरतां येत नाहीं, त्यास कायद्यांतून सूट आहे. म्हणजे वाडवडिलांची बंदूक निर्वेध घरीं ठेवावयाची तर ती पुरती निकामी असावी लागते. अमात्यांनीं जो गंज टाळण्यासाठीं एवढा खटाटोप सांगितला, तोच आतां वारसाचा कैवारी झाला! कायद्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याचा हेतु उघड व योग्य आहे. परंतु घरांतील बंदूक खरोखर निकामी आहे कीं केवळ तशी समजली जाते, हें किती जणांनीं पाहिलें आहे?

तो विद्यार्थी आठवड्यानें आम्हांकडे आला, तेव्हां आम्ही आपलें पहिलें उत्तर मागें घेतलें आणि वरील बहुतेक हकीगत त्यास सांगितली. रिकामेपणाची परीक्षा सांगतांच तो गप्प झाला. परीक्षा सोपी आहे. गज नळीला बाहेरून लावून काना कोठें येतो तेथपर्यंत माप घ्यावें. मग तोच गज तोंडाशीं उभें न राहतां आंत सोडावा. दोन्ही मापें जुळलीं तर नळी रिकामी. आजोबांची परवानगी घेऊन त्यानें तसें पाहिलें. गज चार बोटें वर राहिला.

वाड्यांतील मंडळींनीं ताबडतोब पोलिसांस कळविलें, आणि हत्यारांचा जाणता माणूस येईपर्यंत त्या खोलीस कुलूप लावलें. त्यानें कान्यांतून पाणी सोडून रात्रभर नळी भिजत ठेवली आणि दुसऱ्या दिवशीं टोंकास मळसूत्र असलेल्या गजानें आंतला ऐवज काढला: चिंधीची गुठळी, एक शिशाची गोळी, आणि तिच्यामागें दारूचा काळा लगदा. ती कोणी भरली, केव्हां भरली, हें त्या घरांत कोणासच सांगतां येईना. यजमान नव्वदीच्या घरांत होते. लहानपणीं पूजेच्या दिवशीं वडील आपणांस ती बंदूक मांडीवर घेऊन बसूं देत, एवढेंच ते म्हणाले.