गोड विषाची साक्ष

औषधांच्या इतिहासात कायदा बहुधा मृत्यूंच्या मागून आला आहे. अमेरिकेत १९३७ साली 'एलिक्झिर सल्फनिलामाइड'ने शंभरहून अधिक बळी घेतले आणि १९३८ साली तिथे कडक कायदा झाला. आपल्याकडे क्रम उलटा दिसतो. चोप्रा समितीच्या (१९३०-३१) शिफारशींनंतर १९४० सालीच औषध कायदा आला. तरीही १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले.

त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते; अमेरिकेतलेच विष. ते ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोड, मात्र स्वस्त. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. रुग्णाची जीभ वा डॉक्टरांची नजर ते ओळखू शकत नाही; ओळखते ती प्रयोगशाळाच. म्हणूनच 'ग्राहकाने जागरूक असावे' हा उपदेश औषधापाशी येऊन निरर्थक ठरतो. येथे ग्राहकाचे डोळे शासनालाच व्हावे लागते.

न्या. लेंटिन आयोगाच्या अहवालाचे मोल यातच आहे. पुरवठादारापाशी न थांबता त्याने खरेदीव्यवहार, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत दोषाचा माग काढला. अहवालानंतर भाई सावंत यांना मंत्रिपद सोडावे लागले.

२०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, तेव्हाही विष तेच होते. कायदा पुस्तकात होताच. चुकली ती तपासणी.