सहाचे पाच

मोटारीच्या चाकाला किती भोकं असतात, हा प्रश्न वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मला कुणी विचारला नव्हता. परीक्षेत नाहीच; पण लग्न ठरवताना सासऱ्यांनी जे चमत्कारिक प्रश्न विचारले होते, त्यांतही हा नव्हता. त्यामुळे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभरावरच्या एका गावात, माझ्या भाच्याने सकाळच्या चहाला मला विचारलं, "मामा, तुझं काय मत? पाच की सहा?" तेव्हा मी "पाच" म्हणून मोकळा झालो. मला वाटलं, इडल्यांबद्दल चाललंय.

भाचा एवढा खूश झाला की कप तसाच ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "ऐकलंस? मामासुद्धा पाचच म्हणतो!"

"मामा, तुम्ही कशाला त्याच्या नादी लागता?" आतून भाचेसुनेचा आवाज आला. आणि इडल्या चारच आल्या.

नंतर उलगडा झाला. भाच्याने शेजारच्या म्हातारबुवांकडून १९६८ सालचा शेव्हरोलेचा सी-१० पिकप विकत घेतला होता. पुढे तिघांना बसता येईल असं एक सलग बाकडं, मागे उघडा हौदा आणि रंग पोपटी. त्याचं प्रत्येक चाक सहा नटांनी बसवलेलं. ते काढून भाच्याला पाच नटांची चाकं बसवायची होती. हे ऐकून मला वाटलं, एक नट काढून खिशात टाकला की झालं. मी तसं बोललोही. त्यावर भाच्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आमचे गणिताचे मास्तर पाहत असत.

सहा भोकं आहेत म्हणजे काय, तर साडेपाच इंच व्यासाचं एक अदृश्य वर्तुळ आहे आणि त्याच्यावर ही सहा मंडळी समान अंतरावर बसली आहेत. सहाच्या चाकात मोजमाप सोपं असतं, कारण प्रत्येकाच्या समोर कुणीतरी बसलेलं असतं. या मध्यापासून त्या मध्यापर्यंत पट्टी धरली की झालं. पाचांच्या पंगतीत मात्र कुणाचीच कुणाशी समोरासमोर गाठ पडत नाही. मग शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला एक पूर्णांक सात दशांशाने गुणायचं. आमच्या सोसायटीची कार्यकारिणीही पाच जणांचीच आहे. तिथेही कुणाचं माप थेट घेता येत नाही.

आता मागे जायला हवं. बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे आणि धाव असते. ते चाक आसावरून निघतं, पण ते वाटेत बदलण्याची वस्तू नव्हे. सुरुवातीच्या मोटारींचंही तसंच होतं. लाकडी आऱ्यांचं चाक गाडीला कायमचं जडलेलं असे. टायर फुटला तर साहेबांनी कोट काढायचा, रस्त्यात मांडी घालायची, टायर जागच्या जागी उचकटायचा आणि आतल्या ट्यूबला ठिगळ लावायचं. फोर्डच्या मॉडेल टीचे मालक तर टायरसकट निघणारी धाव १९१९ साली मिळू लागेपर्यंत हेच करत होते. १९०४ साली वेल्समधल्या लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी एक जादा चाक काढलं. त्याला आरे नव्हते. नुसती टायर चढवलेली धाव. फुटलेल्या चाकाला ती बाहेरून आवळायची आणि घर गाठायचं. त्यांची पेढी स्टेपनी स्ट्रीटवर होती, म्हणून ते चाक 'स्टेपनी'. ती पेढी गेली, ते चाक गेलं, इंग्रज तो शब्द विसरले; आपण मात्र गावोगावच्या पंक्चरवाल्यांच्या पाट्यांवर लॅनेलीतल्या एका गल्लीचं नाव अजून जपून ठेवलं आहे. (या शब्दाला आपल्याकडे जो दुसरा अर्थ चिकटला, त्याच्याशी डेव्हिस बंधूंचा काही संबंध नाही.)

अख्खं चाक चार-पाच नट सोडवून काढायची सोय झाली आणि मग प्रत्येक घराण्याने आपापली रीत पाडली. फोर्डने १९२८च्या मॉडेल एला पाच भोकं दिली, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. १९३६ साली लहर फिरली आणि त्याने तीच पाच भोकं सव्वादहा इंचांच्या वर्तुळावर पसरली. चाक कमी आणि चक्रव्यूह जास्त! १९४० साली स्वारी मुकाट्याने साडेपाचावर परत आली. फोक्सवॅगनच्या बीटलनेही असाच पाच भोकांचा मोठा फेर धरला होता, पण १९६८ साली तिने एक भोक कमी करून चारवर भागवलं. फ्रान्समधल्या सित्रोएन २ सीव्हीचं तर तीनांत भागायचं. तीन नटांवर चाळीस वर्षं एक देश हिंडतो आणि सहा नट असूनही माझा भाचा रात्री झोपत नाही, यावरून सुख कशात आहे हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या साडेपाच इंचांनी मात्र जग पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला तेच माप होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिसची जीप मुंबईत आणली, तिच्याबरोबर ते इथे आलं. १९८५ साली आलेल्या मारुतीच्या जिप्सीलाही तेच. फक्त तोवर आपण दशमान पद्धतीचे झालो होतो, म्हणून कागदावर ते १३९.७ मिलिमीटर असं लिहिलं जायचं. जपानी गाड्यांचं ११४.३ हे माप असंच आहे. एवढ्या टापटिपीच्या लोकांना ११४ किंवा ११५ का सुचलं नाही? तर तो साडेचार इंच आहे. इंचाला मिलिमीटरचं धोतर नेसवलं, तरी चाल इंचाचीच!

जीपवरून आठवलं. नोकरीच्या उमेदवारीत मी खात्याच्या जीपमधून हिंडत असे. एकदा घाटात डावं चाक बसलं. ड्रायव्हर पाना लावून तो उजवीकडे फिरवायला लागला. मी नवा साहेब. त्याला म्हणालो, "अरे, नट डावीकडे फिरवला की सुटतो, एवढंही कळत नाही?" तो म्हणाला, "साहेब, ही डावी बाजू हाय." मी त्याच्या हातातून पाना घेतला, डावीकडे लावला, हलेना म्हणून त्याच्यावर उभा राहिलो, तरी हलेना म्हणून उडी मारली. काडकन आवाज झाला. नट सुटला होता. बोल्टासकट सुटला होता.

त्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे होते. चाक पुढे फिरताना त्या बाजूचे नट सैल होऊ नयेत, म्हणून केलेली ती युक्ती. क्रायस्लरवाल्यांनी आपल्या गाड्यांना असे आटे १९७०च्या सुमारापर्यंत ठेवले होते. तोवर अमेरिकेत किती बोल्ट तुटले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण भारतातल्या एकाची जबाबदारी मी आज जाहीरपणे घेत आहे. ड्रायव्हर तेव्हा काही बोलला नाही. फक्त उरलेले चार नट त्याने स्वतः काढले आणि मला दगडावर बसायला सांगितलं.

तर पिकप. फोर्डच्या पिकपला पाच भोकं, शेव्हरोलेच्या पिकपला सहा, आणि वर्तुळ दोघांचं साडेपाच इंचांचंच! एका वाड्यात राहून एकीचं भांडं दुसरीला न चालणाऱ्या जावांसारखी ही दोन घराणी. मग १९७१ साली शेव्हरोलेने अर्ध्या टनाच्या पिकपला पुढे डिस्क ब्रेक दिले आणि त्याच वर्षी भोकं सहाची पाच केली. आता तरी फोर्डशी जमेल की नाही? छे! वर्तुळ पाच इंचांचं केलं. चारही चाकं इंजिनाने फिरणारे पिकप होते त्यांना मात्र सहाच ठेवली. पुढे १९९९ साली शेव्हरोले पाचावरून पुन्हा सहावर आली. फोर्डने साडेपाच इंच सोडून १९९७ साली १३५ मिलिमीटर धरले आणि २००४ साली पाचाचे सहा केले. म्हणजे आज दोघांची सहा-सहा आहेत. वर्तुळं अर्थातच वेगळी.

मग माझ्या भाच्याला १९६८ची सहा का नको होती? तो म्हणायचा, ब्रेकसाठी. खरं कारण असं की पाच भोकांची देखणी चाकं बाजारात ढिगाने मिळतात आणि सहाची त्या मानाने कमी. त्याने पाच चकचकीत चाकं आधीच आणून ठेवली होती. घोडा घ्यायच्या आधी नाल घेणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे. माझ्या वडिलांनी जमीन घ्यायच्या आधी विहिरीचा रहाट घेतला होता.

सोपा उपाय होता. सहाच्या तुंब्यावर एक जाड चकती बसवायची, तिच्यावर पाच बोल्ट, त्यावर नवं चाक. म्हातारबुवांनी ती चकती हातात घेऊन पाहिली. तीस वर्षं त्यांनी मोटारीच्या कारखान्यात काढलेली. ते म्हणाले, "याने चाक बदलेल. ब्रेक तोच राहील. शिवाय चाक इंचभर बाहेर येईल आणि बेअरिंगवर जादा भार पडेल." दुसरा उपाय, आहे त्यातच पाच नवी भोकं पाडायची. पण कशीही फिरवा, सहांच्या गावात पाच उतरवायला गेलं की कुठलं ना कुठलं नवं भोक जुन्याला जाऊन खेटतंच. तिसरा, खरा उपाय: १९७१-७२च्या ट्रकचे पुढचे स्पिंडल, डिस्क, कॅलिपर आणायचे (ते या ट्रकला जवळजवळ जसेच्या तसे बसतात), मास्टर सिलिंडर बदलायचा, आणि मागे अ‍ॅक्सलचे दांडे व ड्रम दोन्ही पाचाचे घ्यायचे. एका भोकासाठी अर्धा ट्रक!

"डिस्कच हव्यात ना?" म्हातारबुवा शांतपणे म्हणाले. "सहा भोकांच्याही मिळतात."

भाचा नव्या चाकांकडे बघत राहिला. म्हातारबुवा समजायचं ते समजले आणि घरी गेले. तो ट्रक त्यांच्या भावाचा होता. भाऊ गेल्यावर तो त्यांनी अकरा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवला होता आणि "जसा आहे तसा ठेवीन" असं भाच्याने घेताना म्हटलं होतं. त्यानंतर चार दिवस ते कुंपणापाशी आले नाहीत.

पाचव्या दिवशी नात त्यांच्याकडे गेली. सोळा वर्षांची; त्याच ट्रकवर गाडी शिकत होती. त्या काळच्या बहुतेक ट्रकांसारखे त्याला चारही चाकांना ड्रम ब्रेक. भिजले की ते एकसारखे धरत नाहीत; हा दोष कुठल्या कंपनीचा नव्हे, ड्रमचाच. महिन्यापूर्वी पावसात तिने ब्रेक दाबला आणि ट्रक सरळ थांबण्याऐवजी शेजारच्या पट्टीत गेला. तिथे कुणी नव्हतं. घरात तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारबुवांना सांगितलं, आणि वर म्हणाली, "मला पाच-सहा काही कळत नाही. मला थांबता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता म्हातारबुवा स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे होते. किती भोकं, हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दोन दिवसांत पुढचं सगळं काम झालं. डिस्क बसल्या, पुढे पाच नटांची दोन चकचकीत चाकं चढली. जुनी पुढची दोन आणि स्टेपनी अशी सहा भोकांची तीन चाकं म्हातारबुवा हातगाडीवर घालून घेऊन गेले. "भंगारात पंधरा-वीस डॉलर येतील," भाचा म्हणाला. मागचे दांडे यायला तीन आठवडे होते. तोवर मागे सहाच. स्टेपनीच्या जागी नवं पाचाचं चाक.

इथे शहाण्या वाचकाच्या लक्षात जे आलं, ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

गणेश चतुर्थीला मराठी मंडळाचा गणपती आणायचं काम पिकपवर आलं. मूर्ती भाचेसुनेच्या मांडीवर, हौद्यात पाट, समया, लाउडस्पीकर आणि मोदकांचे डबे. मी आणि नात मागून दुसऱ्या गाडीतून. हॉल चार मैलांवर राहिला आणि पिकपचं मागचं डावं चाक बसलं. डावं म्हटल्यावर मी धावत गेलो आणि ओरडलो, "उलटे आटे असतात! उजवीकडे फिरव!" घाटातला अनुभव होता ना! शेव्हरोलेच्या या पिकपला दोन्हीकडे सुलटेच आटे असतात, हे मला भाच्याने नंतर सांगितलं. सुदैवाने त्याने माझं ऐकलं नाही. सहाही नट सुटले, चाक निघालं, स्टेपनी आली. भाच्याने ती तुंब्यापाशी धरली आणि तशीच धरून राहिला. सहा बोल्ट बाहेर आलेले, पाच भोकं त्यांच्याकडे बघताहेत.

"एक सोडून बाकीचे बसतील का?" मी विचारलं. भाचेसून मूर्ती मांडीवर घेऊन आत बसली होती; तिने काच वर केली.

फोन नातीने केला. वीस मिनिटांत म्हातारबुवा आले. त्यांच्या गाडीत सहा भोकांचं चाक होतं. भंगारात गेलेलं नव्हतं. धुतलेलं होतं, आणि हवा भरलेली होती. त्यांनी आधी सहाही नट हाताने धरवले, मग समोरासमोरचे आवळले. सहांत ती सोय असते. पाना डिकीत टाकून ते काचेतून गणपतीकडे वाकून बघून गेले. मोदक दिला तो त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

मागचे दांडे पुढच्या आठवड्यात आले. मी परत निघालो तेव्हा ते खोकं गॅरेजच्या कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावर कुंड्या ठेवलेल्या होत्या. ट्रक अजून पुढून पाच आणि मागून सहा असाच धावतो. स्टेपन्या दोन.