डेकर भित्रा होता का?

‘ट्वायलाइट झोन’ मालिकेतला ‘द लास्ट फ्लाइट’ हा भाग ५ फेब्रुवारी १९६० रोजी दाखवला गेला. १९१७ मधला ब्रिटिश वैमानिक डेकर विमानासकट ढगात शिरतो आणि उतरतो तो थेट १९५९ मध्ये, फ्रान्समधल्या अमेरिकी हवाई तळावर. जर्मन विमानांनी घेरलेल्या मित्राला, मॅकेला, सोडून तो पळालेला असतो. इथे कळतं की मॅके जगला आणि दुसऱ्या महायुद्धात त्यानं अनेकांचे जीव वाचवले. मग मॅकेला वाचवलं कोणी? डेकर परत फिरतो.

आता संशोधक म्हणून बघू. डेकर स्वतःला भित्रा म्हणतो. म्हातारा मॅके सांगतो, त्यानं माझ्यासाठी जीव दिला. दोघंही खरंच बोलतायत. साक्षीची वेळ तेवढी वेगळी आहे.

मीही एकदा एका सैनिकाचं पत्र वाचून समासात ‘पळपुटा’ लिहून मोकळा झालो होतो. सर एवढंच म्हणाले, “युद्धाचा शेवट तुला माहीत आहे. त्याला होता का?”

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना पॅराशूट देत नसत. एवढं कळलं तरी डेकरच्या भीतीकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. अर्थात हा भाग १९१७ चा पुरावा नव्हे. १९६० च्या अमेरिकेला ते युद्ध कसं आठवत होतं, याचा आहे.

तेव्हा पत्र हातात आलं की आधी तारीख बघा. त्या दिवशी लिहिणाऱ्याला काय ठाऊक होतं ते मांडा. निकाल नंतर.