पुणे ते दिल्ली : अंतराचा हिशेब

नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना गावाकडची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : पुण्याहून दिल्ली किती लांब? सरळ रेषेत सुमारे ११७० किलोमीटर आणि विमानाने दोन तास, हे उत्तर आम्ही तत्काळ देतो. इतिहास चाळताना मात्र हे उत्तर अपुरे वाटू लागते.

सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून निघाले आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरले. तोफा, बुणगे, बाजार आणि यात्रेकरू यांच्यासह चालणाऱ्या फौजेची ही गती होती. एकटा जासूद याहून कितीतरी वेगाने जाई. पण ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतापाशी यमुना ओलांडली आणि फौज व दिल्ली यांच्यामध्ये तो येऊन बसला. कोस होते तेवढेच राहिले. वाट मात्र बंद झाली. रसद तुटली, तशी पत्रेही अडू लागली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर संहार झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे आले होते. भेलशाच्या मुक्कामी ही वार्ता त्यांना कळली ती २४ जानेवारीच्या सुमारास, आणि तीही सरकारी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकारी पत्रातून, असे सांगतात. पानिपतापासून भेलसे सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. जी फौज उरलीच नव्हती तिच्या मदतीची चिंता पेशवे दहा दिवस वाहत होते! त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्या नागपूरचे आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर डाकोटा विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. दिल्लीहून मुंबई सरळ सुमारे ११५० किलोमीटर. नागपूरमार्गे ती दीड हजारांवर जाते. तरीही वळसा घेऊन निघालेले पत्र एका रात्रीत पोचे. लांबची वाट जवळची ठरली, कारण ती नेमाने चालू होती. दोन शहरांमधील अंतर मैलांइतकेच वाटेच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, हाच या दोन्ही प्रसंगांचा अर्थ आम्हांस दिसतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतच एका पहाटे पुण्याहून दूरध्वनी आला : वडील अत्यवस्थ आहेत. बातमी क्षणात पोचली. साहेबांनी रजा दिली, तिकीटही मिळाले. पण दिल्लीवर दाट धुके उतरले होते. विमान सुटेना. दोन तासांच्या प्रवासास आम्हांस अठरा तास लागले. घरी पोचलो तेव्हा अंगणात चपलांची गर्दी होती आणि आत कोणी बोलत नव्हते.

तेव्हापासून ‘दिल्ली किती लांब?’ असे कोणी विचारले, तर आम्ही किलोमीटर सांगतो, तास सांगतो आणि क्षणभर थांबतो. भेलशाच्या छावणीतले ते दहा दिवस आता आम्हांस पूर्वीइतके दूरचे वाटत नाहीत.